फिल्मनंतर काचेवर उभे ओरखडे, आतली बीडिंग उचकलेली: खर्च कुणाचा?

घोडबंदरकर
गाडीच्या साइड काचांना फिल्म लावतो, ठाण्यातल्या कासारवडवलीला. आठ वर्षं जुनी हॅचबॅक, चारही दारांना सत्तर टक्के प्रकाश आत सोडणारी नॅनो सिरॅमिक फिल्म लावून दिली. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक परत. तक्रारी तीन: पुढच्या दोन्ही काचांवर उभे बारीक ओरखडे, ड्रायव्हरची काच वर जाताना किंचाळते, आणि डाव्या दाराची आतली बीडिंग (काचेच्या तळाशी दारावर बसणारी रबरी पट्टी) आरशाकडच्या कोपऱ्यात उचकली आहे. म्हणणं असं की बीडिंग मीच फाडली, आता चार काचांची फिल्म आणि नवी बीडिंग फुकट द्या. रबर आधीच कडक होतं, पण कामाआधीचा एकही फोटो नाही. पुढे बीडिंग काढूनच काम करावं का? आणि आत्ता यातलं माझ्या अंगावर किती येतं?

तुर्भे_नाका
दादा, आधी ओरखडे. फिल्म काचेच्या आतल्या बाजूला असते, म्हणजे तिला घासते ती फक्त आतली बीडिंग. बाहेरच्या पट्टीचा संबंध नाही. काच खाली केली की आतल्या पट्टीच्या लवेत (काचेला टेकणाऱ्या मखमली केसांत) अडकलेले कण फिल्मवर रेघ ओढतात, म्हणून ओरखडे उभे आणि काच चालते त्याच दिशेत. कार्डाचा (फिल्मखालचं पाणी काढायच्या पट्टीचा) ओरखडा आडवा किंवा कमानीसारखा पडतो, कारण हात तसा फिरतो. तुमचे उभे आहेत, म्हणजे कारण बीडिंगमधली धूळ. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाने जी बारीक सिमेंटची धूळ उडते, ती याच लवेत जाऊन बसते. ती काढायचं काम आपलं आहे, गिऱ्हाइकाचं नाही.

काच पूर्ण खाली करा. अरुंद नोझलने लवेवरून व्हॅक्यूम फिरवा. मग पातळ प्लास्टिक कार्डाला मायक्रोफायबर गुंडाळून साध्या पाण्यात भिजवा आणि पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. प्रत्येक वेळी कापडाची घडी बदला. घडी स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही, जुन्या गाडीला पाच-सहा फेऱ्या लागतात. त्यानंतर लवेच्या काठावर मास्किंग टेप लावा, म्हणजे फवारल्यावर धागे आणि कण सुटून फिल्मखाली येत नाहीत.

बीडिंग काढू नका. काही गाड्यांत ती दाराच्या पत्र्यावर दाबून बसवलेली असते, काहींत दाराच्या पॅडलाच, म्हणजे आतल्या आवरणाला, जोडलेली. दुसऱ्या प्रकारात अख्खा पॅड उतरवावा लागतो, आणि उन्हात आठ वर्षं तापलेल्या क्लिपा हमखास तुटतात. मग रबराबरोबर क्लिपांचं भांडणही आपलंच. त्यापेक्षा काच दोन-तीन सेंटिमीटर खाली करून वरची कड बसवा, वर एक-दीड मिलिमीटर काच मोकळी सोडा. लायनर (गोंदावरचा संरक्षक थर) फक्त वरच्या अर्ध्या भागाचा काढलेला असू द्या. वरचं पाणी काढून झालं की काच पूर्ण वर घ्या, मग खालचा लायनर सोडा. रुंद, गोल कडेच्या कार्डाने बीडिंग आत दाबून धरा आणि फिल्म तिच्याखाली आठ ते दहा मिलिमीटर सरकवा. टोकदार पट्टी कोपऱ्यात खुपसली की रबराचा ओठ उलटतो. तुमचा आरशाकडचा कोपरा बहुधा असाच उचकला असणार, कारण तिथे जागा सगळ्यांत कमी.

किंचाळण्याचं कारण बहुतेक वेळा लवेत सुकलेला साबण. फवारायच्या पाण्यात शॅम्पू एक लिटरला चार-पाच थेंबच हवा. आता साध्या पाण्याच्या कापडाने पट्टी तशीच पुसा, आवाज जाईल. आवाज येतोय म्हणून सिलिकॉन स्प्रे मारू नका, आणि फिल्मच्या आधी तर अजिबातच नाही. त्याची वाफ काचेवर बसते आणि तिथे गोंद धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात. फिल्म पक्की सुकल्यावर काचेच्या बाजूच्या रबरी चॅनलला सिलिकॉन ग्रीस कापडावर घेऊन लावायला हरकत नाही.

सानपाडा_सेक्टर५
पुढची तक्रार ‘दारात पाणी शिरलं’ हीच असते, म्हणून आधीच सांगते. दारात पाणी पावसातही जातं, दार त्यासाठीच बनवलेलं असतं. ते खालच्या भोकांतून निघून जातं. बाहेरून काचेच्या कडेने अर्धा-एक लिटर पाणी सोडा. खालून लगेच धार आली तर ठीक. नाही आली तर भोकं चिखलाने बुजली आहेत, प्लास्टिकच्या केबल टायने मोकळी करा. पाणी पायाखालच्या मॅटवर येत असेल तर पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटलेला किंवा सुटलेला असतो. पॅड तुम्ही उतरवलाच नसेल तर तो तुम्ही फाडलेला असू शकत नाही, हे गिऱ्हाइकाला दाखवून सांगा.

पण स्विचमध्ये गेलेलं पाणी मात्र आपलीच चूक. दाराच्या पॅडवर आणि स्विचवर टॉवेल, त्याखाली प्लास्टिक, आणि एका काचेला पाव लिटरच्या आत काम. त्याहून जास्त लागत असेल तर हात मोकळा सुटलाय. काच अर्ध्यात थांबून आपोआप खाली येत असेल तर ते बिघाड नाही. ऑटो वर जाणाऱ्या काचेला घर्षण वाढलं की मध्ये हात अडकला असं वाटतं. लव साफ करा, मग काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच धरून ठेवा, बऱ्याच गाड्यांत सेटिंग परत बसतं.

आणि काच खाली करू नका हे फक्त तोंडी सांगून भागत नाही. चारही स्विचवर टेप लावून गाडी द्या. एरवी तीन-चार दिवस, जून ते सप्टेंबर किमान आठवडा. आपल्याकडच्या दमट हवेत खालची कड सर्वांत शेवटी सुकते, आणि पहिली सोलते तीच.

वाशी_खाडीपूल
पैशाचं बोलतो. पुढच्या दोन काचांची फिल्म तुम्ही फुकट बदला. मागच्या दोन चांगल्या असतील तर त्यांना हात लावायचं कारण नाही. बीडिंगचा निकाल फाट्याकडे बघून लागतो. टॉर्च जवळ धरा. ताजा फाटा आत गडद काळा आणि स्वच्छ असतो. जुन्या फाट्याच्या कडा राखाडी, आत धूळ बसलेली. नखाने दाबून बघा: जिवंत रबर परत वर येतं, मेलेल्या रबरावर नखाची खूण राहते किंवा बारीक तडा जातो. चारही दारांवर हे गिऱ्हाइकासमोर करा. सगळीकडे तडे दिसले तर वय बोलतंय. फक्त त्याच कोपऱ्यात ताजा काळा फाटा असेल तर तुमच्या कार्डाने गेलंय, सरळ मान्य करून सुटा भाग आणून बसवून द्या. मिश्र चित्र असेल तर भागाचे पैसे त्याचे, मजुरी तुमची.

यापुढे गाडी आत घेताना एक मिनिटाचा व्हिडिओ: चारही काचा खाली-वर, आवाजासकट, आणि प्रत्येक आतल्या बीडिंगचे दोन्ही कोपरे. जॉब कार्डावर ‘डावी पुढची बीडिंग कडक, आरशाकडे उचकलेली’ असं नेमकं लिहून सही घ्या. ‘रबराची जबाबदारी नाही’ अशी पाटी लावून काही होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सेवेतली त्रुटी ठरली तर पाटी वाचवत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

त्याच कार्डावर व्हीएलटी मीटरचं (किती टक्के प्रकाश आरपार जातो ते मोजणारं) रीडिंगही लिहा, काचेचं आधी आणि फिल्मसकट नंतर. साइड काचेला किमान 50 टक्के लागतात, आणि कंपनीची काच स्वतःच काही प्रकाश अडवते. काच 78 आणि फिल्म 70 म्हणजे साधारण 55 उरतात. फिल्म 60 ची घेतली तर 47, थेट नियमाबाहेर. सुप्रीम कोर्टाने 27 एप्रिल 2012 ला फिल्मवर बंदी घातली, 2021 पासून नियम बदलले आणि केरळ हायकोर्टाने 2024 मध्ये मर्यादेतली फिल्म चालते असं म्हटलं, तरी चलन मिळालेला गिऱ्हाईक वाद घालायला आपल्याच दुकानात येतो.

घोडबंदरकर
टॉर्च लावून बघितलं. कोपऱ्यातला फाटा अर्धा राखाडी, शेवटचा सेंटिमीटरभर काळा. मागच्या दोन्ही दारांवरही नखाने तडे गेले, ते गिऱ्हाइकाने स्वतः दाबून पाहिले. पुढच्या दोन काचांची फिल्म मी बदलतोय, बीडिंगचा भाग ते आणतील, बसवणं माझ्याकडे. नवी बीडिंग फिल्मच्या आधी बसवू की नंतर?

तुर्भे_नाका
नंतर. नव्या पट्टीची लव ताठ असते, ओल्या फिल्मची खालची कड तिने ओढली जाईल. ही पट्टी बदलायचीच आहे, म्हणून आधी जुनी काढा, तशी मोकळी जागा परत मिळत नाही. आधी सांगितलं तशीच फिल्म लावा, दोन्ही काचा वर ठेवा, आठवडाभराने नवी पट्टी दाबून बसवा. मधल्या दिवसांत त्या फटीवर रुंद मास्किंग टेप लावून ठेवा, नाहीतर धूळ परत आत.