मुंबई बंदरातील जहाजांचे वार्षिक आकडे: 1866-67 ची घसरण खरी की कागदोपत्री?

जुने_कागद:
जुन्या सरकारी अहवालांवरून मुंबई बंदरात 1860 ते 1880 या काळात दर वर्षी आलेल्या जहाजांचा आलेख तयार करीत आहे. दोन ठिकाणी अडलो आहे. 1866-67 चा आकडा आदल्या वर्षापेक्षा खाली उतरतो. अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 रोजी शेअरबाजाराचा फुगा फुटला, त्याचाच हा परिणाम मानावा काय? दुसरे असे की, 1869 नंतर टनेज (जहाजांच्या आकाराचे एकूण माप) जेवढे वाढते तेवढी जहाजांची संख्या वाढत नाही. मग सुएझ कालव्यामुळे बंदर गजबजले, हे विधान कोणत्या आकड्यावर उभे आहे?

खतावणी:
मंदी खरीच होती. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी रकान्याचा मथळा नीट वाचावा. तोपर्यंत सरकारी वर्ष 1 मे ते 30 एप्रिल असे धरले जाई आणि 1867 पासून ते 1 एप्रिलला सुरू झाले. त्यामुळे 1866-67 हे वर्ष 11 महिन्यांचेच आहे. येथे आकड्याला 11 ने भागून 12 ने गुणण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. गळलेला महिना एप्रिलचा आहे, आणि एप्रिल म्हणजे पावसाळ्यापूर्वी कापसाच्या गासड्या रवाना करण्याच्या घाईचा काळ. त्याची भरपाई जुलै-ऑगस्ट धरून काढलेल्या सरासरीने होणार नाही. शिवाय 1867 पासून एप्रिलची निर्यात पुढच्या वर्षाच्या खात्यात जाते, म्हणजे त्या सांध्याच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षे तंतोतंत एका मापाची नाहीतच. महिनेवार तक्ते मिळाले तरच हा गुंता सुटेल.

डोलकाठी:
दुसऱ्या प्रश्नाविषयी. नोंदणीचा टन हे वजनाचे माप नसून घनफळाचे आहे. 100 घनफूट म्हणजे एक टन. एकूण टनेजला जहाजांच्या संख्येने भागल्यास सरासरी जहाजाचा आकार मिळतो, आणि सुएझनंतर वाढला तो मुख्यतः हाच. नोव्हेंबर 1869 मध्ये कालवा खुला झाल्यावर लंडनचे अंतर जवळपास 40 टक्क्यांनी घटले, मात्र त्याचा लाभ आगबोटींना झाला. तांबड्या समुद्रातील वाऱ्यांमुळे शिडाच्या जहाजांना तो मार्ग परवडणारा नव्हता. तरीही ती लगेच नाहीशी झाली नाहीत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून मुंबईस येणाऱ्या शिडाच्या जहाजांत आगबोटींसाठीचा वेल्सचा कोळसा भरलेला असे! निव्वळ टनेजमधून इंजिनाची जागा वजा होते, त्यामुळे आगबोट कागदावर तिच्या देहापेक्षा बरीच लहान दिसते, हेही ध्यानात असावे.

रत्नांग्रीकर:
आपण घेतलेल्या एकूण संख्येत किनारी वाहतूक धरली आहे काय, हे आधी तपासावे. धरली असेल, तर त्या संख्येवर फतेमाऱ्या आणि मचवे या देशी शिडाच्या गलबतांचाच पगडा असणार. नारळ, तांदूळ, जळाऊ लाकूड, पुढे मंगळुरी कौले घेऊन एकच गलबत एका हंगामात मुंबईच्या अनेक खेपा करी, आणि प्रत्येक खेप स्वतंत्र धरली जाई. हा हंगाम म्हणजे पूर्ण वर्ष नव्हे. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर गलबते किनाऱ्यावर ओढून झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच नाखवा ती पुन्हा पाण्यात लोटी. पाऊस आठवडाभर अलीकडे आला तरी शेकडो खेपा बुडत, आणि आपल्या आलेखात ती व्यापारी मंदी भासेल. परदेशी जहाजे आणि देशी गलबते एकाच रेषेत गुंफू नयेत. तसेच आलेल्या आणि गेलेल्या जहाजांची बेरीज करू नये, नाहीतर एकच फेरी दोनदा मोजली जाते.

जुने_कागद:
सर्वांचे आभार. मथळा पुन्हा पाहिला. '11 महिने' असे बारीक अक्षरांत खरोखरच छापलेले आहे. 1866-67 चा ठिपका आता रेषेला न जोडता पोकळ दाखवतो. एकूण संख्येत किनारी वाहतूक होतीच, ती वेगळी काढून परदेशी जहाजांचे सरासरी टनेज स्वतंत्रपणे मांडतो.