मदत हवी आहे : मावळत्या पंतप्रधानांविरुद्धचा अविश्वास प्रस्ताव

ब्रिटनमध्ये सत्ताधारी पक्ष नवा नेता निवडत असतानाच मांडल्या जाणाऱ्या अविश्वास प्रस्तावाचे नेमके स्थान काय, हे मला समजून घ्यायचे आहे. 22 नोव्हेंबर 1990 रोजी मार्गारेट थॅचर यांनी पायउतार होण्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी त्यांच्या सरकारने अविश्वास प्रस्ताव 367 विरुद्ध 247 मतांनी परतवला. जुलै 2022 मध्ये मात्र मजूर पक्षाच्या प्रस्तावात सरकारबरोबर मावळते पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचेही नाव असल्याने सरकारने त्याला वेळ नाकारला, आणि मग स्वतःच विश्वासदर्शक प्रस्ताव आणून 18 जुलैला तो 349 विरुद्ध 238 मतांनी जिंकला. विरोधकांच्या प्रस्तावाचा मसुदा सरकारने तपासावा, हे मला संसदीय परंपरेशी विसंगत वाटते.

माझा मुख्य प्रश्न पुढचा आहे. संसदेची मुदत निश्चित करणाऱ्या 2011 च्या कायद्यात, अविश्वास प्रस्तावावर पराभव झाल्यास 14 दिवसांत सभागृहाचा विश्वास असलेले सरकार न आल्यास निवडणूक, अशी तरतूद होती. 2022 मध्ये तो रद्द झाल्यावर सारे पुन्हा अलिखित संकेतांवर आले. 1979 मध्ये पंतप्रधान जेम्स कॅलहॅन अविश्वास प्रस्तावावर 310 विरुद्ध 311 असे एका मताने हरले आणि निवडणूक झाली. पण ते पद सोडण्याच्या वाटेवर नव्हते. राजीनामा जाहीर केलेला पंतप्रधान असा हरला, तर त्याने संसद विसर्जनाचा सल्ला देणे उचित ठरते, की राजाने पक्षातल्या दुसऱ्या नेत्याला पाचारण करणे? घटनाशास्त्राच्या अभ्यासकांनी कृपया याचा आधारासह खुलासा करावा.