‘नावी’ला मराठीत काय म्हणावे : भविष्यवादी की संदेष्टा?

प्रश्न : जुन्या मराठी ख्रिस्ती पुस्तकांत यशया, यिर्मया ‘भविष्यवादी’ असतात, आताच्या बायबलात ‘संदेष्टे’. अर्थ एकच ना? माझ्या लेखात कोणता वापरू?

उत्तर : एकच नाही, आणि फरक लहानही नाही. मूळ हिब्रू शब्द ‘नावी’. कोकणातल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे मराठी यहूद्यांकडे, तो अजून जिवंत आहे. मलिद्याचं ताट मांडून ते ‘एलियाहू हन्नाबी’चं, म्हणजे एलीया नावीचं, नाव घेतात. निर्गम 7:1 मध्ये देव मोशेला सांगतो, अहरोन तुझा नावी होईल. अहरोन तिथे कुणाचं भविष्य सांगत नाही, मोशेच्या वतीने फारोशी बोलतो. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडाने पोचवणारा, तो नावी. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात तर शकुन पाहणाऱ्यांना आधी मनाई आहे, मग नावी देण्याचं वचन. ‘भविष्य’ म्हटलं की आपल्याला ज्योतिषी आठवतो, म्हणजे नेमका तिथे नाकारलेला माणूस.

यहूदी ग्रंथरचनेत ‘नवीईम’ (‘नावी’चं अनेकवचन) विभागात यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे ही पुस्तकंही येतात. दानीएल, ज्यात पुढच्या काळाची दृश्यं आहेत, तो मात्र त्यात नाही. ख्रिस्ती बायबलात दानीएल संदेष्ट्यांत बसला आणि संदेष्टे जुन्या कराराच्या शेवटी गेले. शेवटचा संदेष्टा मलाखी संपला की येशूची कथा सांगणारा मत्तय सुरू. संदेष्ट्यांनी येशूचंच भविष्य सांगितलं, अशा वाचनाला ‘भविष्यवादी’ शब्द फार सोयीचा पडतो.

मला खटकतं ते इथे. भविष्य येशूचं, मग ते जपून ठेवणारे यहूदी कोण? ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने त्यांना धन्याच्या मागून पुस्तकं वाहून नेणाऱ्या गुलामाची उपमा दिली. ज्यांना उद्देशून ते शब्द उच्चारले गेले, त्यांनाच हमाल ठरवलं!

प्रश्न : पण यशया 7:14 मधलं ‘कुमारी गर्भवती होईल’? मत्तयाने ते येशूला लावलंच आहे.

उत्तर : लावलं आहे, आणि ती ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे, ती मी खोडत नाही. पण यशया ते बोलला यहूदाच्या आहाज राजाशी, अराम आणि इस्राएलचे राजे यरुशलेमेवर चालून आले तेव्हा. हिब्रूत शब्द आहे ‘अल्मा’, तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’ आला, कुमारी, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच आहे. ‘संदेष्टा’ म्हटल्याने आहाज पुसला जात नाही.

पौलाने रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात बिगरयहूदी ख्रिस्ती लोकांना इस्राएलच्या झाडावर कलम केलेली रानटी जैतुनाची फांदी म्हटलंय : मुळाला तू धरून नाहीस, मूळ तुला धरून आहे. व्हॅटिकनने इतर धर्मांविषयीच्या 1965 च्या घोषणेत हाच दाखला घेतला.

तेव्हा तुमच्या लेखात ‘संदेष्टा’च ठेवा. ‘द्रष्टा’ वेगळा राखून ठेवा. पहिले शमुवेल 9:9 मध्येच म्हटलं आहे, आता ज्याला नावी म्हणतात त्याला पूर्वी ‘रोए’, म्हणजे पाहणारा म्हणत. तिथे आपला ‘द्रष्टा’ अगदी चपखल बसतो.