ईएईचा डेटा: प्रत्येक उंदराचा स्कोअर देऊ की नुसती सरासरी?

लॅबवाली_पुणे:
नमस्कार मंडळी. माझं पीएचडीचं काम ईएई मॉडेलवर आहे, म्हणजे उंदरांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार घडवायचा. ब्लॅक सिक्स जातीच्या माद्या, एमओजी पेप्टाइड (मज्जातंतूंच्या आवरणातल्या प्रथिनाचा तुकडा) सीएफएमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात, घोटून कातडीखाली, वर पर्टुसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष), नेहमीचंच. आता जर्नल म्हणतंय रॉ डेटा खुला करा. गाइड म्हणतात सरासरीची एक्सेल जोड आणि मोकळी हो, कारण फ्लोच्या (फ्लो सायटोमेट्री, पेशी मोजायची पद्धत) त्याच फाइल्समधून दुसरा पेपर काढायचाय आणि कुणी आधी उचलला तर काय. मला हे पटत नाहीये पण सरांशी बोलायला मुद्दे हवेत. नक्की काय द्यायचं आणि कुठे टाकायचं?

आकडेमोड:
नुसती सरासरी देऊ नकोसच. ईएईचा स्कोअर म्हणजे शेपूट लुळी पडली की 1, मागचे पाय पूर्ण गेले की 3, मेला की 5, ह्या पायऱ्या आहेत, 1 ते 2 आणि 3 ते 4 ही अंतरं सारखी नसतात. आता सरासरी 2.5 आली तर वाचणाऱ्याने काय समजायचं, सगळे मध्यम आजारी होते की निम्मे ठणठणीत आणि निम्मे मेले? दोन्हीत आकडा तोच येतो. शिवाय मेलेल्या उंदराला काही लॅब शेवटपर्यंत 5 धरतात, काही त्या दिवसापासून वगळतात, नुसत्या त्या एका निर्णयाने ग्राफ बदलतो. एका ओळीत एक उंदीर एक दिवस, स्कोअर, वजन, गट, केज नंबर, आणि स्कोअर देणाऱ्याला गट माहीत होता का तेही. हवा तसा ग्राफ मग ज्याचा तो काढेल.

बॉस्टनकर:
वरच्यांशी सहमत, पण माझ्या मते आकड्यांपेक्षा उंदरांची माहिती जास्त महत्त्वाची. 2009 मध्ये दिसलं होतं की टॅकोनिककडच्या ब्लॅक सिक्सच्या लहान आतड्यात टीएच 17 पेशी (दाह वाढवणाऱ्या टी पेशी) भरपूर आणि जॅक्सनकडच्यात अगदी कमी (दोन्ही उंदीर पुरवणाऱ्या कंपन्या/संस्था), कारण निघालं एसएफबी नावाचे बॅक्टेरिया, एकांकडे होते दुसऱ्यांकडे नव्हते. ईएईमध्ये टीएच 17 चा केवढा वाटा आहे तुला माहीतच आहे. नुसतं ब्लॅक सिक्स लिहून भागत नाही, 6जे की 6एन ही उपजातही लिही, 6जे मध्ये एनएनटी नावाचा जीन मोडलेला असतो. आपोआप डायबेटिस होणाऱ्या एनओडी जातीच्या उंदरांचंही तसंच, अ‍ॅनिमल हाउस जितकं स्वच्छ तितका सहसा डायबेटिस जास्त, म्हणून जागेची माहिती नसेल तर दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही.
उचलण्याची भीती खरी आहे, सरांना दोष देऊ नकोस. पण झेनोडो ह्या डेटा ठेवायच्या साइटवर फाइल्स टाकून एम्बार्गो (ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवणं) लावता येतो, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो आणि तारखेचा पुरावाही राहतो. मात्र जर्नलला एम्बार्गो चालतो का ते आधी विचार. आरएनए सीक्वेन्सिंग केलं असेल तर जीईओ ह्या जीन डेटाच्या साठ्यावर रिव्ह्यूअरला टोकन देऊन पेपर येईपर्यंत खाजगी ठेवता येतं. भारतात फरीदाबादचं आयबीडीसी (इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर) पण आहे, 2022 पासून. फ्लोचं देताना एफसीएस फाइल्ससोबत (मशीनच्या मूळ फाइल्स) कॉम्पेन्सेशनचे सिंगल स्टेन (एकेका रंगाचे नमुने) आणि एफएमओ (एक रंग वगळलेले नमुने) पण दे, त्यांच्याशिवाय गेटिंग, म्हणजे कोणत्या पेशी कोणत्या गटात धरल्या ते, कुणाला तपासता येणार नाही.

व्हेट_अ‍ॅनिमलहाउस:
मी रोज ही जनावरं बघतो म्हणून लिहितोय. मागचे पाय गेलेला उंदीर वरच्या जाळीतलं खाणं गाठू शकत नाही, त्याला केजच्या तळाशी भिजवलेलं खाणं आणि जेल ठेवावं लागतं, नाहीतर उपासमारीनेच वजन उतरतं आणि ते आजाराच्या खात्यात जमा होतं. म्हणून काय ठेवलं, कोणत्या दिवसापासून, हे डेटात लिही. ह्यूमेन एंडपॉइंट, म्हणजे कोणत्या अवस्थेला त्रास थांबवायला उंदीर प्रयोगातून काढायचा, काय ठरवला होता तोही लिही. अराइव्हची (प्राण्यांवरच्या प्रयोगांची माहिती कशी द्यायची त्याचे नियम) 2020 ची यादी समोर घेऊन बस, बहुतेक सगळं त्यात आहे. जनावराने एवढं सोसल्यावर त्याची नोंद कुणाच्या तरी कपाटात पडून राहावी हे मला सहन होत नाही.

लॅबवाली_पुणे:
खूप आभार सगळ्यांचे. एक बॅच अशी आहे की कुणालाच आजार झाला नाही, पेपरमध्ये ती नाहीये. तीही टाकू का?

व्हेट_अ‍ॅनिमलहाउस:
टाकच. वेगळ्या शीटवर, टॉक्सिनचा आणि सीएफएचा लॉट नंबर घालून. दुसरीकडे त्याच लॉटवर कुणी अडकलं असेल तर त्याला कारण शोधायला मदत होईल, आणि तपासण्यासाठी आणखी उंदीर वापरावे लागणार नाहीत.