कोल्हापूरभोवतीच्या डोंगरवाटा आणि सायकल : अनुभव धागा

आमंत्रण

पाऊस ओसरला की कोल्हापुरातल्या सायकलवाल्यांना पन्हाळा-जोतिबाची रांग खुणावू लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर आणि जोतिबाचा डोंगर सुमारे ३,१०० फुटांवर; अंतर वीस किलोमीटरच्या आत-बाहेर. त्यामुळे नोकरी-धंदा सांभाळून सकाळच्या सकाळी डोंगर चढून येणे इथे शक्य होते. डांबरी घाटांविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. या धाग्यात डांबर सोडल्यानंतरचे अनुभव हवे आहेत. आपण ज्यांवरून सायकल नेतो त्या बहुतेक वाटा गुरांनी, यात्रेकरूंनी किंवा वनखात्याने आपापल्या कामासाठी पाडलेल्या आहेत. म्हणून वाट कोणती, महिना कोणता, सायकल कशी होती आणि वाटेत कोण भेटले, एवढे अवश्य लिहावे. पडल्याचे अनुभव लपवू नयेत.

राजारामपुरी, बँकेतील नोकरी, वय ५१

पडल्याचे लिहा म्हटल्यामुळे माझ्यापासूनच सुरुवात करतो. गुडघ्यामुळे पळणे बंद झाले तेव्हा मी २९ इंची चाकांची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल घेतली आणि वर्षभर डांबरावरच चालवली. ऑक्टोबरच्या अखेरीस एका रविवारी पहाटे टोप गावावरून कासारवाडीकडे वळलो. टोपच्या दगडखाणींमुळे त्या रस्त्यावर खडीचे डंपर फार असतात, म्हणून उजाडायच्या आत तो टप्पा मागे टाकला आणि घाट चढून सादळे-मादळेच्या पठारावर आलो. तिथवर सगळे ओळखीचे होते. वर आल्यावर मात्र डावीकडे गवतात शिरलेली एक पाऊलवाट इतकी सरळ आणि सोपी दिसली की मी विचार न करता तिच्यावर सायकल घातली.

गवत कमरेइतके वाढून पिवळे पडले होते आणि वाटेवर दोन्ही बाजूंनी आडवे झाले होते. उतार सौम्य होता, वेगही फार नव्हता. अचानक पुढचे चाक जमिनीत गेले, सस्पेन्शन तळापर्यंत दबले आणि मी हँडलवरून पुढे जाऊन दोन्ही हातांवर पडलो. उठून गवत बाजूला केले तेव्हा फूट-दीड फूट खोलीचा चर दिसला. पावसाचे पाणी डोंगरातच मुरावे म्हणून उताराला आडवे, एकाच उंचीवरून खणत नेलेले हे समतल चर. नकाशावरच्या समोच्च रेषा जणू कोणी जमिनीवर कोरून काढाव्यात, तसे ते डोंगरभर असतात. त्यांचे काम ते चोख करत होते, चूक माझी होती.

जवळच म्हशी चारणारे एक आजोबा आले. त्यांनी माझे मनगट पाहिले, खांद्यावरच्या टॉवेलने घट्ट बांधले आणि म्हणाले, “साहेब, हितं आमी बी बगूनच पाय टाकतोय. तुमी चाक टाकलासा.” मग त्यांनी मला चर ओळखायचे कसे, तेही दाखवले. चर खणताना निघालेल्या मातीचा बांध खालच्या अंगाला घालतात आणि त्या बांधावर रोपे लावतात. त्यामुळे गवतात झाडांची एका उंचीवरची ओळ दिसली की तिच्या लगेच वर चर असणार, हे गृहीत धरावे. शिवाय चर एकटा नसतो. एक लागला की ठराविक अंतराने खाली पुढचा लागतोच. मनगटाचे हाड चिरले होते. सहा आठवडे प्लास्टर होते आणि त्या काळात बँकेत सही करणे हा सगळ्यांच्या करमणुकीचा विषय झाला होता.

लक्ष्मीपुरी, सायकल दुरुस्तीचा व्यवसाय, वय ४४

डोंगरावरून परत आलेल्या सायकली माझ्याकडे येतात, म्हणून मी वाटा लिहिण्यापेक्षा त्या सायकलींच्या अंगावर काय दिसते ते लिहितो.

सर्वांत जास्त येतात ते काटे. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरतो आणि मुळाशी मोडतो; बाहेरून काही दिसत नाही, ट्यूब बदलली जाते आणि पुढच्या दोन किलोमीटरवर तोच काटा नव्या ट्यूबला भोक पाडतो. ‘एका दिवसात तीन पंक्चर झाली’ म्हणून येणाऱ्यांची तीन पंक्चर बहुधा एकाच काट्याची असतात. टायर काढल्यावर आतून बोट हळू फिरवावे, बोटाला टोक लागले की तिथे बाहेरून पक्कडीने ओढावे किंवा आतून बोथट खिळ्याने बाहेर ढकलावे. माझ्याकडे एका टायरातून अकरा काटे निघाले होते; मालकांनी ते कागदाच्या पुडीत बांधून घरी नेले. ज्यांना परवडते त्यांनी ट्यूबलेस करून आत सीलंट घालावे, बारीक भोके ते स्वतःच बुजवते. मात्र उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पाहावे लागते.

हवेबद्दल वाद फार होतात. ट्यूब असेल तर सव्वादोन इंची टायरात ३० ते ३५ पीएसआय ठेवावे, कारण त्याखाली गेलात आणि दगडावर आपटलात तर ट्यूब रिमखाली चिमटून तिला दातांसारखी दोन भोके पडतात. ट्यूबलेसमध्ये २५ च्या आसपास चालते आणि मुरमावर पकड चांगली मिळते. वजनदार माणसाने दोन्हीकडे थोडे वाढवावे.

जोतिबावरून उतरणारे ब्रेक सतत अर्धे दाबून धरतात, तेव्हा डिस्क तापते, पॅड चकचकीत होतात आणि खाली येईपर्यंत ब्रेक नुसता ओरडतो. जोरात दाबावा, वेग तोडावा, सोडावा, डिस्क गार होऊ द्यावी. एवढे साधे आहे, पण सांगून पटत नाही.

एक गोष्ट फक्त आपल्याकडचीच असावी. चैत्र यात्रेनंतर दर वर्षी काही सायकली गुलाबी होऊन येतात. गुलाल बारीक असतो, साखळीच्या तेलात मिसळून त्याची लाल चिक्की होते आणि ती रॉकेलच्या एका धुण्यात जात नाही. जोतिबाच्या नावाने उधळलेला गुलाल पुसायला कोणाला जड जात असेल, तर फ्रेमवरचा राहू द्यावा. साखळीतला मात्र त्याच दिवशी काढावा.

पन्हाळा, शेती व निवास-न्याहारी व्यवसाय, वय ३६

मसाई पठारावर सायकल नेण्याविषयी आमच्याकडे राहणारे पाहुणे नेहमी विचारतात आणि माझे उत्तर महिन्यागणिक बदलते.

जुलैमध्ये नेऊ नये. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून ज्या दिशेने विशाळगडाकडे गेले, ती पन्हाळा ते पावनखिंड ही वाट याच पठारावरून जाते आणि त्या स्मृतीसाठी हजारो लोक त्या दिवसांत ती पायी चालतात. गर्दीचे सोडले तरी पठारावरचा जांभा पावसात शेवाळतो. जांभा म्हणजे भोके पडलेला लाल दगड. कोरडा असताना तो टायरला काचकागदासारखा धरून ठेवतो, पण ओला आणि हिरवा झाला की त्याच्यावर चप्पलही टिकत नाही. त्यात धुके असे उतरते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि पठार सपाट असल्यामुळे कडा कुठे आहे हे पायाखालच्या जमिनीवरून कळत नाही. एकदा मी स्वतः, जन्मल्यापासून या पठारावर गुरे राखलेला माणूस, सायकल ढकलत पाऊण तास गोल फिरून माझ्याच चाकाच्या ठशापाशी परत आलो. त्यानंतर आवाज येईपर्यंत बसून राहिलो. शेवटी एका बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांनी वाट दाखवली.

सप्टेंबरमध्येही नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि यावर माझ्याशी भांडलेले लोक आहेत. तेव्हा सड्यावर, म्हणजे या उघड्या खडकाळ पठारावर, फुले असतात. दगडावर मातीचा थर इंच-दोन इंचांचा असतो, त्यावरच ती फुले आणि त्यांचे वर्षभराचे बी असते. एका चाकाने ती माती चिरली की पुढच्या सरीत तो चिरा ओहोळ होतो. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पण ते नसते तरी माझे मत हेच राहिले असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, पडलेली गाडीवाट न सोडता, जरूर यावे. २०२१ च्या जुलैमध्ये गडावर येणारा मुख्य रस्ता खचला होता तेव्हा आम्हीच किराणा डोक्यावरून आणला. वाट बंद असणे म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे येणाऱ्याला नाही म्हणण्यात आम्हाला आनंद नाही.

जोतिबाच्या पायथ्याचे एक गाव, दुग्धव्यवसाय

सायकलवाल्यांना कोणीतरी सांगितलेले दिसते की गुरांच्या मागून येताना घंटी वाजवावी. कृपया वाजवू नये. म्हशीला घंटीची सवय नसते. ती बिचकते आणि वाटेवरच आडवी वळते. गुराख्याला लांबून हाक मारावी, तो म्हैस बाजूला घेईल. गाभण म्हैस पळाली तर आमचे काय होते हे विचारून पाहावे.

वनखात्यातून निवृत्त, मु. पो. राधानगरी तालुका

जाळरेषांवरून सायकली जातात हे मी नोकरीत असल्यापासून पाहत आलो आहे. उन्हाळ्याआधी डोंगरावरच्या गवताचा एक पट्टा कापून, जाळून मोकळा करतात, म्हणजे वणवा लागला तर तो पट्ट्यापाशी अडतो. तो पट्टा वरून रुंद, साफ, सायकलसाठीच केल्यासारखा दिसतो. पण त्यात कापलेल्या झुडपांचे खुंट राहिलेले असतात, तिरके कापलेले आणि भाल्यासारखे टोकदार. पडल्यास तिथे पडू नये, इतकेच सांगतो. राखीव वनात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि राधानगरी अभयारण्यात तर मुळीच नाही, हेही लिहून ठेवतो, कारण ‘वाट होती म्हणून गेलो’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले आहे.

गव्याविषयी. गवा आता फक्त दाजीपूरच्या जंगलाचा राहिलेला नाही. तो पन्हाळ्याच्या बाजूला, उसाच्या फडांतही दिसतो. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे वळणावर तुम्ही त्याच्या अंगावर जाता, आणि चकित झालेला गवा शांत गव्यापेक्षा फार वेगळा असतो. कळप दिसला तर थांबावे, पिल्लू कुठे आहे ते पाहावे, पिल्लू आणि आई यांच्या मध्ये येऊ नये आणि सायकल हातात धरून मागे सरकावे. फोटोसाठी पुढे जाऊ नये. एकटा नर असेल तर त्याहून जास्त अंतर ठेवावे. पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झाडीतून जाताना माणसांनी आपापसांत मोठ्याने बोलत जावे. आमच्या काळी आम्ही भजने म्हणत असू. आवाज चांगला नव्हता, पण उपयोग होत असे.

कळंबा, महाविद्यालयीन अध्यापन, वय ३९

मी आणि माझी नणंद कात्यायनी देवीच्या डोंगराच्या बाजूला जातो. गारगोटी रस्त्याने गेले की डोंगर जवळ लागतो, चढ आटोपशीर आहे आणि नऊच्या तासिकेला वेळेवर पोहोचता येते. आम्हा दोघींना विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘एकट्याच आलाय?’ असा असतो, दोघी असूनही. सुरुवातीला राग येत असे. नंतर लक्षात आले की सरपण घेऊन उतरणाऱ्या मावशी तो प्रश्न आम्हाला धाक घालण्यासाठी विचारत नव्हत्या. परतताना आम्ही दिसलो नाही तर गावात सांगता यावे, म्हणून त्या मोजत होत्या. आता आम्ही जातानाच सांगतो की आठच्या आत उतरू. चढावरचे एक लहान निरीक्षण : मुरमावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागीच फिरते. बसून, थोडे पुढे सरकून, हलक्या गिअरवर चढावे.

राजारामपुरी, बँकेतील नोकरी, पुन्हा

म्हशींविषयी वाचले आणि घंटी काढून टाकली. प्लास्टर निघाल्यावर, डिसेंबरात, त्याच वाटेवर आधी पायी गेलो, सायकल हातात धरून. रोपांच्या ओळी पाहत गेलो तेव्हा सगळे चर आधीच दिसत होते. इतके स्पष्ट की मला पूर्वी ते दिसले नाहीत याची लाज वाटली. सतरा मोजले. आजोबा भेटले, त्यांना धुतलेला टॉवेल परत दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि हा आपला नव्हे, आपला याहून जुना होता, असे म्हणून खांद्यावर टाकला. परतीच्या वेळी मोजणी झालेली आहे म्हणून सायकलवर बसलो आणि अठरावा सापडला. या वेळी वेग चालण्याइतकाच होता आणि हाड शाबूत आहे.