मदत हवी आहे: पाणलोट क्रमांक कुठे मिळतो?

घाटमाथा: अर्जात 'पाणलोट क्रमांक' असा रकाना आहे. सातबारावर तसं काही नाही. नेटवर तीन नकाशे सापडले, तिन्हींत वेगळंच. उद्या शेवटची तारीख. फक्त नंबर कुठे मिळतो ते सांगा, 'पाणी अडवा, पाणी जिरवा'वर व्याख्यान नको.

मीनल_ज: जमीन कुठे? अर्ज कसला?

घाटमाथा: पुण्याजवळ.

नाना कोथरूडकर: लोणावळाही पुण्याजवळ आणि इंदापूरही!

ओढेकरी: नकाशे वेगळेच असणार. पाणलोट म्हणजे जिथलं पाणी वाहून एकाच ओढ्याला किंवा नदीला येतं तो भाग, आणि प्रत्येक खातं तो आपापल्या मापाने पाडतं. पाटबंधारेवाले खोऱ्यांत मोजतात: गोदावरी, तापी, नर्मदा, कृष्णा आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या. पुणे भीमेचं, भीमा कृष्णेला मिळते, म्हणून कृष्णेत. जीएसडीए म्हणजे सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा, तिचं काम भूजलाचं. त्यांनी राज्याचे १५३१ पाणलोट पाडले होते, भीमेच्या पाणलोटांना 'बीएम' आणि पुढे आकडा. विहिरीचा अर्ज असेल तर हाच नंबर. कृषीवाल्यांचे मात्र सूक्ष्म पाणलोट, साधारण ५०० ते १००० हेक्टरचे.

क्यूजीआयएसवाला: एवढं कशाला? उंचीचा डेटा उतरवा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, दहा मिनिटांत हद्द तयार.

ओढेकरी: हद्द तयार होईल हो, सरकारी नंबर त्यातून कसा निघणार?

क्यूजीआयएसवाला: सरकारी रेषांपेक्षा माझी अचूक असते.

ओढेकरी: मग अर्ज तुम्हीच मंजूर करा.

रानवारा७७: बोअर घ्या सरळ. नारळावर पाणी बघणारा एक जण आहे ओळखीचा, व्यनि (खासगी निरोप) करतो.

घाटमाथा: बोअर नकोय!! शेततळं आहे. दिवे घाटाच्या वर. हे कळायला काय लागतं?

ओढेकरी: आता कळलं. शेततळं म्हणजे कृषीचा सूक्ष्म पाणलोट, जीएसडीएचा नंबर टाकू नका. गावच्या कृषी सहायकाला गट नंबर सांगा. आणि गट अगदी धारेवर, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटलं जातं त्या माथ्यावर, असेल तर तळं कुठल्या उताराला खणणार तेही सांगा. वडकीकडचं पाणी मुळा-मुठेला जातं, सासवडकडचं कऱ्हेला, तिथून नीरेला. पुढे दोन्ही भीमेतच, पण रकान्यात नंबर वेगळा.

नाना कोथरूडकर: आता ती धार तरी कुठे राहिली? पुरंदर उपसा योजनेत मुळा-मुठेचं पाणी उचलून कऱ्हेच्या बाजूलाच नेतात. मुळशी धरणात तर उलटी गंमत. मुळेचं पाणी भीमेला जायचं ते विजेसाठी कोकणात भिऱ्याला उतरवतात, म्हणजे खोरंच बदललं. १९२१ च्या सत्याग्रहात शेतकरी जमिनीसाठी भांडले, पाण्याचा हिशेब आजही...

मीनल_ज: नाना, मुळशीचा वेगळा धागा काढा ना. @घाटमाथा, फोन लागला का?

घाटमाथा: लागला. गट नंबर विचारला, मग उतार कुठला ते. सातबारा घरी आहे, संध्याकाळी सांगतो.

रानवारा७७: व्यनि बघा.