सप्टेंबरात नाशिक-मनाली-लेह, सहा गाड्या आठ जण. सरचूला मुक्काम करावा का?

सिडकोचा_सायलेन्सर

नमस्कार मंडळी. आम्ही आठ जण, सहा गाड्या, त्यात दोघी मागे बसणाऱ्या. सगळे नाशिकचेच, दर रविवारी त्र्यंबक नाहीतर वणी करून मिसळ हाणून परत येणारे, त्यापलीकडे एकदा गोवा, बस. होळीपासून लेह लेह चालू होतं ते आता खरंच ठरलंय, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. सुट्टी सगळ्यांची मिळून १६ दिवस. गाड्या ट्रकने चंदीगडला टाकायच्या, आपण रेल्वेने जायचं, तिथून मनाली, मनालीला एक दिवस आराम, मग सरचूला तंबूत रात्र आणि दुसऱ्या दिवशी लेह. परत त्याच रस्त्याने.

आता भांडण कशावरून आहे तर सरचूवरून. आमच्यातल्या एकाने कॅम्पवाल्याला आठ जणांचा ॲडव्हान्स देऊन टाकलाय आणि दुसरा म्हणतो तिथे झोपणं म्हणजे मूर्खपणा. नकाशात बघितलं तर अंतर बरोबर अर्ध्यावर येतं, मग प्रॉब्लेम काय? शिवाय ग्रुपमध्ये एक काका आहेत, वय ५४, बीपीची गोळी चालू, गाडी २०११ची कार्बोरेटरवाली बुलेट आणि ती सोडून दुसरी गाडी ते घेणार नाहीत. त्यांच्या गाडीचं आणि त्यांचं काय करायचं तेही सांगा.

वणीचा_वाटसरू

दादा, तुमचा दुसरा मित्र बरोबर बोलतोय. नकाशात अर्ध्यावर येतं हाच तर घोळ आहे, बघायची ती उंची, अंतर नाही. एकदम उंचावर जाऊन झोपलं की विरळ हवेचा त्रास होतो.

२०२२ ला आम्ही सेम हेच केलं होतं. सकाळी मनालीहून निघालो, अटल टनेलमधून पलीकडे, टांडीला टाक्या फुल, जिस्पाला राजमा चावल, बारालाचा खिंडीत फोटो, चारच्या सुमारास सरचू. सगळे खूश. आमच्यातला सगळ्यात फिट गडी म्हणजे रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढणारा, त्याला सहा वाजता डोकं दुखायला लागलं. आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल. जेवला नाही. अकराला उलटी झाली, आणि साडेबाराला लघवीला बाहेर गेला तर दारू प्यायल्यासारखा चालत होता, तंबूच्या दोरीत पाय अडकून पडला. कॅम्पवाला पोऱ्या आला, त्याने बॅटरीच्या उजेडात जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि म्हणाला इसपे चलके दिखाओ, टाचेला बोट लावत. तीन पावलं नाही टाकता आली त्याला. पोऱ्या एवढंच म्हणाला, इनको अभी नीचे ले जाओ.

आता खाली म्हणजे कुठे? हे कुणी आधी सांगत नाही. सरचू ४,२९० मीटरवर आहे आणि दोन्ही बाजूंनी कोंडलेलं आहे. मनालीकडे उतरायचं तर आधी बारालाचा चढायचा, ४,८९० मीटर. लेहकडे जायचं तर गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकीला, मग लाचुंगला (तिकडे ‘ला’ म्हणजे खिंड), तो तर ५,००० च्या वर. म्हणजे ज्याला खाली न्यायचंय त्याला आधी आणखी ६०० मीटर वर न्यायचं. रात्री दीडला कॅम्पवाल्याची बोलेरो काढली, मी मागे त्याला धरून बसलो, बारालाचावर तो मला माझ्या भावाच्या नावाने हाक मारत होता आणि काहीतरी उसाच्या बिलाचं बोलत होता. तिथे माझी फाटली खरं सांगतो. सहाच्या सुमारास केलाँगच्या सरकारी दवाखान्यात पोचलो, लगेच ऑक्सिजन लावला. नऊला डोळे उघडून म्हणतो, माझी गाडी कुठंय बे, चावी कुणाकडे दिली.

हिशोब सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेलं की आज झोपलो त्यापेक्षा उद्याची झोप ५०० मीटरच्या वर उंचावर नको, असं डॉक्टर लोक सांगतात. दिवसा खिंड चढून उतरलात तर चालतं, रात्र कुठे काढता ते महत्त्वाचं. मनाली साधारण २,०५० वर. एका दिवसात सरचू म्हणजे २,२०० मीटरची उडी. फिट असण्याचा याच्याशी संबंध नाही, उलट फिट माणूस दुखणं अंगावर काढतो.

सिडकोचा_सायलेन्सर

बापरे. मग जिस्पाला दोन रात्री काढून एका दमात लेह गाठायचं का?

वणीचा_वाटसरू

एकटा असशील तर जमेल. पहाटे चारला निघून अंधार पडता पडता पोचशील. पण सहा गाड्या म्हटल्या की एकाचा पंक्चर, एकाची चैन, एकाला चहा, एकाला फोटो, आणि संध्याकाळी पाचला तुम्ही पांगच्या आसपास अडकणार. पांग तर सरचूपेक्षा वर आहे, ४,६०० च्या आसपास. आगीतून फुफाट्यात.

गंगापूररोडची_मागची_सीट

मी बोलू का, मी दोनदा गेलीये आणि दोन्ही वेळा मागे बसून. पूर्ण सर्कल उलटं फिरवा. गाड्या चंदीगडऐवजी जम्मूला पाठवा, तुम्ही मनमाडहून झेलम पकडा. जम्मू, श्रीनगर, कारगिल, लेह असं वर जा आणि मनालीकडून उतरा. श्रीनगर १,६०० च्या आसपास, कारगिल २,७०० च्या आत, मग लेह ३,५००. मधला झोजिला ३,५२८ आणि फोतुला ४,१०८, पण ते चढून तुम्ही परत खाली येऊन झोपता. अंग आपोआप सवय करून घेतं. लेहमध्ये दोन दिवस नुसतं लोळायचं, खार्दुंगला पहिल्याच दिवशी मारायला जाऊ नका कुणी कितीही चढवलं तरी.

आणि तुमचा ॲडव्हान्स वाया जात नाही!! परतताना सरचूलाच झोपा. तोपर्यंत आठवडाभर उंचावर काढलेला असतो, तीच जागा तेव्हा त्रास देत नाही, रात्री तंबूबाहेर येऊन बघा काय आकाश असतं. फक्त कॅम्पवाल्याला तारीख बदलून मागा, आणि सप्टेंबरच्या मध्याच्या आत बसवा, महिना संपता संपता ते लोक गाशा गुंडाळतात.

आता मागे बसणाऱ्या दोघींना कुणी काही विचारलंय का? नसेल विचारलं असं गृहीत धरते. नाल्यांचं पाणी बर्फाचं असतं, सकाळी घोट्याएवढं आणि ऊन तापलं की दुपारी तिथेच गुडघ्याला लागतं, म्हणून नाले सकाळीच पार करायचे. त्यात मागचीला उतरवतात, बरोबरच आहे, गाडी हलकी होते, पण मग ती चालत पार करते आणि पुढचे चार तास ओल्या बुटात बसते. पहिल्या वेळी माझे पाय संध्याकाळी वाटाण्याच्या शेंगेसारखे सुरकुतलेले होते आणि अंगठा चिमटा काढला तरी कळत नव्हता. दुसऱ्या वेळी साधे शेतातले गमबूट नेले. बुंगीने, म्हणजे ताणायच्या रबरी दोरीने, बॅगेवर बांधलेले दिसतात घाण, पण नाला आला की दोन मिनिटांत बदलायचे. आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे, रायडिंग ग्लव्हजच्या वरून. हसतात सगळे. नंतर मागतात.

अजून एक, लडाख आणि काश्मीरमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. निदान तीन जणांकडे वेगवेगळ्या कंपनीचं असू द्या.

मुंबईनाका_गॅरेज

काकांच्या बुलेटचं सांगतो. नाशिक ६०० मीटरच्या आसपास, तिकडे ५,००० वर हवेचा दाब जवळपास निम्मा. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो आपला इथल्यासारखंच पेट्रोल सोडत राहतो, म्हणून गाडी रिच होते, म्हणजे हवा कमी पेट्रोल जास्त, काळा धूर, प्लग काळा, चढाला जीव नाही. एफआयवाल्या (फ्युएल इंजेक्शनच्या) गाड्या आपलं आपण ॲडजस्ट करतात, दम त्यांचाही जातो पण कमी कटकट. काकांना म्हणावं नवीन एअर फिल्टर, दोन प्लग जास्तीचे, क्लच प्लेट जाण्याआधी बदला, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल जुन्याच्या शेजारी नवीन ओवून ठेवा म्हणजे तुटली की नुसती जोडायची. वर गाडी मेली तर चोक ओढू नका, आधीच जास्त पेट्रोल जातंय.

पेट्रोलचं म्हणाल तर टांडीच्या पंपावर बोर्डच आहे, पुढचा पंप ३६५ किमी. लेहकडून येताना पण गणित तेच. बुलेटची टाकी १३ साडेतेराची, ३० चं ॲव्हरेज तिकडे विसरा. प्रत्येक गाडीला पाच लिटरचा कॅन, सायलेन्सरच्या उलट्या बाजूला.

गंमत म्हणजे आपला मुंबई-आग्रा रोड जुन्या नंबरात एनएच ३ होता आणि आता मनाली-लेहचा नंबर पण एनएच ३ आहे. तेव्हा द्वारका सर्कलला अडकलात की समजा लेहच्याच रस्त्यावर आहात. प्रॅक्टिस पण इथेच, सिंहस्थाच्या कामांनी खोदून ठेवलंय सगळं.

वणीचा_वाटसरू

😂😂 काकांच्या बीपीचं मात्र इथे विचारू नका, त्यांच्या डॉक्टरलाच विचारा, डायमॉक्सचंही (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी). सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं, आणि बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर तेही, कारण डायमॉक्सनेही लघवी वाढते.

सिडकोचा_सायलेन्सर

काल रात्री सगळ्यांना कॉलेज रोडला बोलावून हा धागा वाचून दाखवला. रेघेवर चालायचं ऐकल्यावर ॲडव्हान्सवाला गप्प झाला, मग तिथेच फोन लावला, कॅम्पवाला भला माणूस, तारीख बदलून दिली. जम्मूकडून वर जायचं फायनल. मागे बसणाऱ्या दोघींनी धागा स्वतः वाचला आणि आता त्यांना स्वतःची बॅग स्वतंत्र हवीये, त्यात कुणाचे टूल्स जाणार नाहीत, ठरलं. काका सोमवारी डॉक्टरकडे जातायत. पण त्याआधीच भद्रकालीतून गमबूट घेऊन आले, काळे, गुडघ्यापर्यंत, आणि घालूनच बसले होते हॉटेलात.

गंगापूररोडची_मागची_सीट

काकांना म्हणावं एक नंबर मोठे बदलून आणा, आत लोकरीचे मोजे बसायला हवेत.